मसाजीचा रेटा

पहिल्या सिनेमात मसाजीच्या तोंडातून दुसऱ्याच माणसाचा आवाज निघाला, तेव्हा त्याची लेक मोहिनी सात वर्षांची होती. डोंगरकड्याहून दोन जीपा भरून माणसं हिंगोलीच्या टॉकीजला गेली होती. म्हाताऱ्यांनी नवे पटके बांधले होते, बायांनी डब्यात दशम्या घेतल्या होत्या. पडद्यावर मसाजी हवालदाराच्या कपड्यात आला आणि टॉकीज शिट्ट्यांनी भरून गेलं. मग त्याने तोंड उघडलं. आतून बारीक, घासूनपुसून काढलेला, पुण्याच्या पेठेतला आवाज आला, "साहेब, संशयित मागच्या दाराने निसटला."

शिट्ट्या थांबल्या. मसाजीची बायको चांगुणाबाई अंधारात सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "अगं बाई, ह्ये कोण बोलून राहिलंय ह्यांच्या तोंडातून?"

सगळं टॉकीज हसलं. मसाजीही हसला. मोहिनी त्याच्या मांडीवर बसली होती, त्यामुळे हसताना त्याचं पोट हललं नाही, हे तिला एकटीला कळलं.

त्याचा स्वतःचा आवाज काही साधासुधा नव्हता. मसाजी हटकराच्या घरातला, मेंढरामागे वाढलेला. विशीत तो हिंगोलीच्या दसऱ्याच्या प्रदर्शनात 'मौत का कुआँ'च्या बाहेर माणसं बोलवायच्या कामाला लागला. लाकडी विहिरीच्या उभ्या भिंतीवर मोटारसायकल फिरायची, तिचा आवाज अर्ध्या मैदानावर जायचा आणि त्या आवाजाच्या वर मसाजीला बोलावं लागायचं. नुसतं ओरडून भागत नाही, हे त्याला दोन दिवसांत उमगलं. इंजिनाचा ठोका धरायचा आणि त्याच्या फटीत शब्द बसवायचा.

"या या या, बसू नका, उभं ऱ्हावा, वाकून बघा, भिऊ नका! पोरगं फिरतंय भिताडावर, जीव त्याचा, तुमी डोळं झाकू नका!"

लोक विहिरीत बघायचं सोडून त्याच्याच भोवती उभे राहू लागले, तेव्हा मालकाने त्याला काढून टाकलं. मग त्याने नांदेडला जाऊन एक कॅसेट भरली. मागे फक्त एक डफ आणि जीपच्या बॉनेटवर मारलेली थाप. वर मसाजी, श्वास न घेता, एसटीच्या न थांबणाऱ्या गाडीवर, बोगस बियाण्यावर, पोरीच्या लग्नात मोटारसायकल मागणाऱ्या सोयऱ्यावर बोलतोय. गाणं म्हणावं तर सूर नव्हता, भाषण म्हणावं तर ताल सुटत नव्हता. कोणी विचारलं की तो म्हणायचा, "म्या गात न्हाई. म्या रेटा लावतो." वसमत ते कळमनुरी अशी एकही काळीपिवळी जीप नव्हती जिच्यात ती कॅसेट वाजली नाही. पाच वर्षांत सगळ्या कॅसेटी झिजून गेल्या आणि रेटाही लोक विसरले.

ज्या गोष्टीला जगात रॅप म्हणतात ती आपण त्या वर्षी करत होतो, हे मसाजीला वीस वर्षांनी कळलं. मुंबईच्या काही पोरांनी ती कॅसेट कुठूनतरी मिळवून इंटरनेटवर टाकली आणि त्याला पुण्यात स्टेजवर बोलावलं. टोपी उलटी घातलेल्या एका मुलाने माइकवर अदबीने विचारलं, "सर, तुमच्यावर सुरुवातीला कुणाचा प्रभाव होता?"

"इंजनाचा," मसाजी म्हणाला. "त्याच्यावरून आवाज काढावा लागायचा न, बापू."

मधल्या वर्षांत तो सिनेमात कामं करत राहिला. औंढ्याला शूटिंगला आलेल्या काही मंडळींनी त्याचा चेहरा पाहून त्याला उचललं होतं. उन्हाने रापलेला, उजव्या भुवईवर वळूच्या शिंगाची खूण असलेला तो चेहरा कॅमेऱ्याला आवडला. हवालदार, ड्रायव्हर, सरपंचाचा माणूस, खुनी, खुन्याचा भाऊ. अकरा सिनेमे. अकराही वेळा शूटिंग संपल्यावर स्टुडिओत दुसऱ्या कुणीतरी त्याच्या ओठांवर आपला आवाज बसवला. "तुमची भाषा लोकांना कळणार नाही," असं त्याला सांगायचे. तो मान हलवायचा. घरी येऊन मोहिनीला सांगायचा, "तोंड माजं, बोलणं भाड्याचं."

बारावा सिनेमा वेगळा होता. प्रियदर्शनी नावाच्या पुण्याच्या दिग्दर्शिकेने त्याला त्याची कॅसेट ऐकून बोलावलं होतं. काम एका मेंढपाळाचं. वन खात्याने माळ बंद केलाय, साहेब नकाशा घेऊन आलाय, आणि म्हातारा मेंढपाळ अडीच मिनिटं त्याला बोलतो. प्रियदर्शनीने लिहिलेले संवाद मसाजीने वाचले आणि कागद परत केला. "ह्ये म्या रेट्यात बोलतो. चालंल?" ती म्हणाली, चालेल. आवाजही तुमचाच राहील, माझा शब्द.

तीस वर्षांत मसाजीच्या दोन्ही कामांची पहिल्यांदाच एकमेकांशी गाठ पडणार होती.

मार्चमध्ये शिरड शहापूरच्या पलीकडच्या माळावर तो प्रसंग शूट झाला. शेजारच्या रानात गव्हाला हार्वेस्टर लागलं होतं. ते दिवसभर थांबलं नाही. चालेल, म्हणाले सगळे, आवाज तर नंतर स्टुडिओतच भरायचा आहे. मसाजीला सप्टेंबरची तारीख मिळाली. तारखेच्या आठ दिवस आधी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, तो अंगणात चपला घालायला वाकला आणि परत उठला नाही.

त्यानंतरचे चार महिने मोहिनीने ज्या पद्धतीने काढले त्याबद्दल कळमनुरीच्या कॉलेजात, जिथे ती ग्रंथपाल होती, कुणाची काही तक्रार नव्हती. ती वेळेवर यायची. जुनी पुस्तकं बांधायला पाठवली, दोन कपाटांची यादी नव्याने केली. घरी गेल्यावर मात्र ती पुस्तक उघडून एकच पान बराच वेळ समोर धरून बसायची.

जानेवारीत, एका शुक्रवारी दुपारी, प्रियदर्शनीचा फोन आला.

"मोहिनी, बाकीचे प्रसंग आम्ही वाचवले. शूटिंगच्या वेळचाच आवाज साफ करून घेतला, मसाजीभाऊंचाच आहे. पण माळावरचा प्रसंग नाही जमत. हार्वेस्टरच्या खाली एक शब्द सापडत नाही. एक चांगले आर्टिस्ट ठरवलेत. गुरुवारी ते डबिंग करतील. तुम्हाला आधी सांगावं म्हणून फोन केला."

"तुम्ही शब्द दिला होता," मोहिनी म्हणाली.

"दिला होता. माणूसच राहिला नाही, मोहिनी. मी काय करू?"

"गुरुवारपर्यंत काही करू नका."

"तुमच्याकडे काही आहे का? त्यांचं ते बोलणं, कुठे रेकॉर्ड केलेलं?"

"बघते," मोहिनी म्हणाली. तिच्याकडे काहीही नव्हतं. मसाजी लिहून ठेवणारा माणूस नव्हता आणि त्याच्या फोनमध्ये फक्त मेंढरांचे फोटो होते.

तिने शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी दिवसभर फोन केले. मुंबईची पोरं, नांदेडचा डफवाला, सिनेमातला साहेब झालेला नट. सगळे हळहळले. कुणाकडे काही निघालं नाही. रविवारी सकाळच्या गाडीने ती डोंगरकड्याला आली. चांगुणाबाई चुलीपुढे बसून भाकरी थापत होती. मोहिनीने सगळं सांगितलं, तरी तिने मान वर केली नाही.

"काकाला विचारते," मोहिनी म्हणाली. "वावरात आहे का तो?"

"वावरात जाऊ नको."

"काहून?"

"जाऊ नको म्हणलं न. त्यो येईल दुपारला भाकर खायला."

"माय, काय झालंय वावरात?"

चांगुणाबाईने भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं आणि हात तसाच तव्यावर अधांतरी ठेवला. "म्या आठ दिस झाले गेले न्हाई तिकडं," ती म्हणाली. "तुला जायचं तर जा. मग म्हणू नको सांगितलं न्हाई मनून."

केळीच्या बागा मागे टाकून मोहिनी पांदीला लागली आणि निम्म्या वाटेवर तिचे पाय थांबले. समोर ज्वारी उभी होती, कणसात दाणा भरलेली. ज्वारीच्या वरून मसाजी ओरडत होता.

"हाऽऽड! हाऽड हाड! हुर्र! ए पोपटा, तुज्या बापानं पेरली व्हय रं?"

ती खाली बसली नाही, की रडलीही नाही. तिने धुऱ्यावरच्या, वावराच्या कडेच्या बाभळीला हात लावला आणि तिथेच उभी राहून ऐकत राहिली. डफ वाजावा तसा तोंडानेच काढलेला ताल, मग हाड, मग शिवी, मग थोडा खोकला. चांगुणाबाई का येत नव्हती ते कळलं.

वावराच्या मधोमध मचाणाला भोंगा बांधला होता. हल्ली सगळ्यांनीच बांधलेत. मेमरी कार्डात कुणाचातरी आवाज भरायचा, बॅटरीला जोडायचं आणि दिवसभर पाखरं, माकडं हाकलायची. मचाणाखाली मसाजीचा धाकटा भाऊ हनुमान बसला होता. पुतणीला बघून तो घाईने उठला आणि भोंगा बंद करायला धावला.

"राहू दे काका."

"न्हाई, मंग वहिनी म्हणती..." तो बोलता बोलता थांबला. "मागल्या साली मीच भरून घेतला त्याच्याकडून. यंदा म्या माजा आवाज भरला होता, आईशपथ. माज्या आवाजावर पोपट भोंग्यावर बसून कणीस सोलत होते. पाखराला बी कळतंय गं, कोण खरं बोलून राहिलंय."

"किती वेळाचं आहे हे?"

"चाळीस मिनटं. त्येच त्येच फिरतंय. तुज्या बापाला भोंग्यापुढं उभं केलं तर त्यो काय नुसतं हाड हाड करून थांबतो व्हय? सगळा गाव सांगितला त्यानं पाखराला. सिनेमाचं बी..."

भोंग्यातून आवाज बदलला. मसाजी आता ओरडत नव्हता. ठोका धरून, सरळ, दमदार चालला होता:

"नकाशात तुज्या रेघ हाय, साहेब, रेघंवर गवत न्हाई,
गवताला तुजा शिक्का कळत न्हाई, मेंढीला कागद वाचता येत न्हाई.
माजा बाप इथं, त्याचा बाप इथं, पायांनी वाट पाडून गेला,
शाई तुजी अजून वल्ली, अन् तू मलाच पत्ता इचारून राहिला!"

"सिनेमाचं बी घोकत होता न तवा," हनुमान म्हणाला. "हितंच. ज्वारीला आयकवून दाखवायचा."

मोहिनीने पिशवीतून फोन आणि कॉलेजच्या कामासाठी घेतलेलं कार्ड रीडर काढलं. हनुमानने भोंग्यातून कार्ड काढलं, पण ते मुठीत धरून ठेवलं.

"कापी केल्यावर हितला जात न्हाई न?"

"नाही काका. हे इथंच राहतं. तिकडं दुसरं तयार होतं."

"बराबर सांगून राहिली न? म्या सकाळी येऊन लावतो. पाखरासाठीच लावतो तसं." तो दुसरीकडे बघत म्हणाला आणि मूठ उघडली.

मंगळवारी पुण्याला निघताना चांगुणाबाईने दशम्यांचा डबा दिला. तिने आवाज ऐकला नव्हता आणि मोहिनीनेही फोन पुढे केला नव्हता. दारात ती म्हणाली, "सांग तिथं. ह्यांच्या तोंडातून परत दुसरं कुणी बोललं तर म्या बघायला येत न्हाई. एकदा आले, तेवढं पुरं."

स्टुडिओ म्हणजे एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरची, भिंतींना जाड कापड लावलेली खोली होती. बुधवारी दहा वाजता मोहिनी तिथे पोचली. यंत्रापुढे बसलेल्या साउंड इंजिनिअरने, भागवतने, फोनमधली फाइल घेतली, हेडफोन लावले आणि तीन मिनिटांत हसायला लागला.

"सॉरी," तो म्हणाला. "पोपटाला दिलेली शिवी ऐकली. ही शिवी आमच्या गावी, हट्ट्याला देतात. लई वर्षांनी ऐकली."

"तुमी हट्ट्याचे?"

"व्हय. पण इथं हळू बोला, इथं मला पुण्याचा समजतात."

त्याने माळावरचा प्रसंग पडद्यावर आणला आणि तो आवाज त्याखाली सरकवला. मसाजी पडद्यावर समोर बघत होता, भुवईवरची खूण स्पष्ट दिसत होती. पहिली ओळ जुळली. दुसऱ्या ओळीला ओठ मिटले होते आणि आवाज चालू होता. भागवतने मागे घेतलं, पुढे नेलं, मधे कापलं. तास गेला. प्रियदर्शनी येऊन मागे उभी राहिली.

"नाही बसत," भागवत शेवटी म्हणाला. "गेल्या जानेवारीत वावरात जे बोलले ते मार्चमध्ये बोलले नाहीत. 'बाप इथं'च्या जागी इथे काहीतरी वेगळंच बोलतायत. ओठ एक सांगतात, आवाज दुसरं."

"ते एकच गोष्ट दोनदा सारखी कधीच बोलायचे नाहीत," मोहिनी म्हणाली.

"मग उद्या आर्टिस्ट येऊ दे," प्रियदर्शनी म्हणाली. तिचा आवाज कोरडा नव्हता. "मोहिनी, तुम्ही प्रयत्न केलात. मीही केलाय."

"हा एकच टेक आहे का?"

"सहा आहेत. पाचांत हेच. वेगवेगळे शब्द."

"आणि सहावा?"

"तो बाद आहे."

"बघते मी."

प्रियदर्शनीने भागवतकडे पाहिलं. त्याने लावला. मसाजी उभा होता, समोर साहेब, पाठीमागे मेंढरं. बोलायला लागला आणि दुसऱ्याच श्वासाला वळला. कॅमेऱ्याकडे पाठ, तोंड कळपाकडे. हार्वेस्टरच्या घरघरीतून प्रियदर्शनीचा ओरडा अस्पष्ट ऐकू येत होता, मसाजीभाऊ, इकडे, कॅमेरा इकडे! तो वळला नाही. अडीच मिनिटं कळपाकडे बघून बोलत राहिला. त्याचे खांदे दिसत होते, मानेची शीर, आणि ठोक्याला जमिनीवर पडणारी काठी.

"नंतर येऊन माझी माफी मागितली त्यांनी," प्रियदर्शनी म्हणाली. "म्हणाले, मेंढरं मागं असली की पाठ करून जास्त येळ उभं राहवत न्हाई. पाच वेळा धीर धरला, सहाव्यांदा मान फिरली."

मोहिनी पडद्याकडेच बघत होती. "ओठ दिसत नाहीत," ती म्हणाली.

भागवतने एकदम खुर्ची पुढे ओढली. कुणी काही सांगायच्या आत त्याने भोंग्याचा आवाज त्या पाठीखाली लावला. पहिल्यांदा काठी आवाजाच्या मागे पडली. त्याने तो केसभर सरकवला. काठी पडली आणि शब्द पडला. परत काठी, परत शब्द. "आयला," तो म्हणाला. "शब्द बदलतात, पण ताल तोच हाय. दोन महिन्यांनी बी तोच!"

त्याने शेवटपर्यंत चालू ठेवलं. मग प्रियदर्शनी खुर्चीवर बसली.

"हे सुंदर आहे," ती म्हणाली. "पण हे मला घेता येणार नाही. सिनेमातला सगळ्यात मोठा प्रसंग आहे हा. अडीच मिनिटं माणसाची पाठ? प्रेक्षकाला चेहरा लागतो. आणि तो चेहरा, मोहिनी, तुम्ही बघितलात ना? तुमच्या वडिलांचं आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम आहे त्या चेहऱ्यावर. ते मी कापून टाकू?"

मोहिनीला ते पटत होतं, आणि तीच अडचण होती. पहिल्या टेकमधला चेहरा तिने नुकताच पाहिला होता. त्यात घरात कधी न दिसलेलं काहीतरी होतं. ते पुन्हा कुणालाच दिसणार नाही.

"चेहरा अकरा सिनेमांत दिसलाय, मॅडम," ती म्हणाली. "आवाज एकदाही नाही."

"निर्माते विचारतील मला."

"त्यांना सांगा, मुलीने चेहरा नको म्हणून सांगितलं. लेखी देते."

प्रियदर्शनी उठून बाहेर गेली. काचेतून ती गॅलरीत येरझाऱ्या घालताना दिसत होती. भागवतने डबा उघडायला सांगितला आणि दोघांनी एकेक दशमी खाल्ली. प्रियदर्शनी परत आली तेव्हा तिने फोन टेबलावर ठेवला.

"उद्याच्या आर्टिस्टला नको म्हणून सांगितलंय," ती म्हणाली. "पुन्हा लाव, भागवत."

पुढे एका ओळीनंतर मसाजी मधेच थांबून पाखरांवर ओरडला होता, "हाऽड!", आणि त्याच श्वासात पुढची ओळ धरली होती. प्रियदर्शनीचे डोळे चमकले. "हे ठेवू या. किती खरं वाटतं. कुणी लिहूनही सुचणार नाही."

"नाही," मोहिनी म्हणाली. "ते काढा."

"पण का?"

"माळावर पाखरं कुठे आहेत? ते सिनेमासाठी नव्हतं. आबा कामात चुका ठेवायचे नाहीत. हे त्यांना कळलं असतं तर ते स्वतःच म्हणाले असते, काढा."

भागवतने तो तुकडा कापला आणि दोन्ही टोकं जोडली. जोड कळत नव्हता. दुपारपर्यंत वाऱ्याचा आवाज आला, मेंढरांचा आला, साहेबाच्या कागदाची फडफड आली. चार वाजता सगळं एकत्र लागलं. पडद्यावर मसाजी वळला आणि कळपाला सांगू लागला, आणि साहेब, कॅमेरा आणि खोलीतली तीन माणसं त्याच्या पाठीमागे उभी राहून ऐकत राहिली.

संपल्यावर भागवतने मोहिनीकडे पाहिलं. तिचा चेहरा सकाळी होता तसाच होता.

"परत एकदा लावा," ती म्हणाली.

त्याने लावलं. ती डोळे मिटून ऐकत होती, ओळ न् ओळ, बांधणीला पाठवायच्या आधी पुस्तकाची पानं मोजावी तशी. शेवटच्या ओळीला तिने हात वर केला.

"'शाई तुजी अजून वल्ली', त्यातला 'वल्ली' वाऱ्याखाली जातोय," ती म्हणाली. "तिथे वारा कमी करा."